पायाला न कळलेली शिवण

दि. २ जुलै

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून माझा मुलगा कुरकुरतो, त्याला सांग की फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. पत्र कसं, दोनदा वाचता येतं.

सोबत भिंगरीसाठी मोज्यांचे चार जोड पाठवते आहे. शाळेचे गणवेश शिवून उरलेलं मऊ सुती कापड होतं, त्यातून बेतले. तिच्या अंगाला रबर चालत नाही, पुरळ उठतं, हे लक्षात ठेवून इलॅस्टिक घातलेलं नाही, वरच्या कडेला नाडी ओवली आहे. बोटांपाशी दुहेरी शिवण घातली आहे. वर्षभरात उसवली तर माझं नाव बदल. दुकानातले मोजे महिन्याभरात जीव टाकतात.

वाचनालयातलं ते मुलांच्या आजारांचं जाड पुस्तक तिसऱ्यांदा आणलं. ग्रंथपाल म्हणाला, आजी, परीक्षेला बसताय की काय. म्हटलं बसलेच आहे, सात वर्षं झाली. परवा शेजारीण माप द्यायला आली आणि विचारती झाली, की सुनेने पोटुशी असताना काही हयगय केली होती का. मी तिला म्हटलं, बाई, पोटातल्या बाळाची पाठ शिवणीसारखी मिटत जाते, ती पहिल्या चार आठवड्यांत. तेव्हा आईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. आमच्या भिंगरीची कमरेपाशी दोन बोटं मिटायची राहिली. डॉक्टरांनी जन्माच्या दुसऱ्याच दिवशी ती मिटवली, पण तिथल्या नसांचं जे बिघडायचं ते बिघडलंच होतं, म्हणून पावलांना स्पर्श कळत नाही आणि लघवी कधी लागली तेही कळत नाही. आधीपासून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेतल्याने धोका कमी होतो, पण घेणाऱ्यांच्या घरीही अशी मुलं जन्मतात. आणि तू तर घेतल्या होत्यास. एवढं सांगून तिच्या बाहीला टाचणी लावताना हात जरा जवळून फिरवला.

माझी तब्येत ठीक आहे. हे गेल्याला मागच्या आठवड्यात दोन वर्षं झाली. त्या दिवशी सहा गणवेश पुरे केले.

लोभ असावा. रागावलीस कधी, तर तेही कळवावं.

तुझी,
सासू (नावापुरती)

•

दि. ११ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. भिंगरीने चारही जोड एकावर एक चढवून पाहिले आणि खुर्चीत बसून घरभर गरगर फिरली. तिला चाकांची खुर्ची आणून देणाऱ्याने भिंती रंगवायचे पैसेही द्यावेत, असं तुमचे चिरंजीव म्हणतात. ते दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत वरखाली करतात, घरी आले की आडवं येणारं वाहन चुकवतात.

मोठी बातमी म्हणजे शाळा. मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. जागा आहे, दारात उतार आहे, खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह आहे. पण दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, ते शाळेतलं कुणी करणार नाही. एक तर मी यायचं, नाहीतर तिने स्वतः करायचं. मला दोनदा कामावरून सुटून जाणं शक्य नाही. म्हणजे तिलाच शिकायला हवं, आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला हवा. दोन सप्टेंबरला तिला वर्गात घेतील, पण तोपर्यंत हे दोन्ही झालं नाही तर जागा दुसऱ्या मुलाला, आणि आपण पुढच्या वर्षी. एक वर्ष तिचं आधीच गेलं आहे. खिडकीतून शाळेत जाणारी मुलं मोजते. काल म्हणाली, बावन्न गेली, त्रेपन्नावी मी.

सराव सुरू आहे. दवाखान्यातल्या नर्सताईंनी आरसा कसा धरायचा, हात कसे धुवायचे, नळी किती आत घालायची, सगळं शिकवलं. परवा पहिल्यांदा एकटीने केलं. निम्मं जमिनीवर गेलं, पण दार बंद करून आतून ओरडत होती की कुणी आत यायचं नाही, काम चालू आहे.

आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात मोठी मागणी आली आहे. रोज दोन तास जादा थांबते. स्वप्नातही दात दिसतात. संध्याकाळी पावलांना आधार देणाऱ्या त्या प्लास्टिकच्या स्प्लिंट काढून तिचे पाय बोटाबोटांतून तपासायचे, हे मात्र माझंच काम. लाल डाग दिसला की थांबायचं, असं नर्सताईंनी बजावलेलं आहे. ज्या पायाला दुखत नाही त्याच्याकडे दुसऱ्याने बघायचं.

तुम्ही जेवणाच्या वेळा पाळा. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
सून

•

दि. २४ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कामाच्या गडबडीत पत्राला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. भिंगरीच्या स्प्लिंट दुरुस्तीला दिल्या आहेत म्हणून ती सध्या झोपूनच असते. काळजी नसावी. तिने तुम्हाला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती तिनेच पाकिटात घातली आहे. मला वाचू दिली नाही.

कृपा असू द्या.

तुमची,
सून

(सोबतची चिठ्ठी)

प्रिय आजीस,
शि. सा. न.

माझ्या डाव्या पायाला जखम झाली आहे. करंगळीच्या बाजूला. मला दुखत नाही, पण सगळे तोंडं वाकडी करून बघतात. पाच आठवडे स्प्लिंट घालायची नाही आणि उभं राहायचं नाही. पाय उशीवर ठेवायचा. जखम भरली नाही तर डॉक्टर शाळेचा कागद देणार नाहीत. मी जखमेला रोज सांगते.

आईने सांगितलं आहे की मोज्याच्या शिवणीचं आजीला लिहू नको. म्हणून मी ते लिहीत नाही.

नळी मला आता येते. जमिनीवर फक्त थोडं.

तुझी,
भिंगरी

•

दि. २९ जुलै

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या मुलीने तुझा शब्द पाळला. मोज्याच्या शिवणीचं तिने लिहिलेलं नाही, हे तिने स्पष्ट लिहिलं आहे. तिला रागावू नकोस.

तिच्या मोज्यांचं कापड उरलं होतं. माझ्या पायाच्या मापाचा मोजा बेतला, बोटांपाशी तशीच दुहेरी शिवण घातली, त्यावर घट्ट बूट चढवला आणि वाचनालयापर्यंत चालत गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी बोचायला लागलं. परतताना लंगडत होते. घरी येऊन पाहिलं तर करंगळीला लाल रेघ. माझ्या पायाने मला कोपऱ्यावरच सांगितलं. तिच्या पायाने दिवसभर काही सांगितलं नाही, आणि वरून ते कडक प्लास्टिक दाबत राहिलं.

चाळीस वर्षं शिवते आहे. कपडा टिकला पाहिजे एवढंच बघत आले. आत अंग आहे हे विसरले. रबराचं तेवढं लक्षात ठेवलं, त्याचीच फुशारकी. पुस्तकात बिनशिवणीचे मोजे घालावेत असं एक वाक्य आहे, पान एकशे बारावर. तीनदा पुस्तक आणलं आणि तीनदा ते पान उलटलं. मोज्यांतलं मला काय शिकवणार, अशी गुर्मी.

चूक माझी आहे. ती लपवून तू मला म्हातारी केलीस, त्याचा मात्र राग आला. मोजे कात्रीने कापून टाक. फरशी पुसायलाही ठेवू नकोस, तिच्या नजरेला पडतील.

जखम किती मोठी, किती खोल, रोज कोण धुतं, हे सगळं कळव. आणि तिचा कागद मिळेल की नाही, ते खरं खरं कळव.

जे उरलं असेल ते प्रेम माझ्यासाठी ठेव.

तुझी,
सासू

•

दि. ३ ऑगस्ट

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. जखम रुपयाएवढी आहे, तळ दिसत होता तो आता गुलाबी झाला आहे. सकाळी मी धुते, संध्याकाळी तुमचा मुलगा. नर्सताई म्हणतात, अशीच भरत गेली तर वीस-बावीस तारखेला कातडी धरेल, पण तिने पाय टेकला तर पहिल्यापासून. तिला आवरणं म्हणजे पाऱ्याची गोळी मुठीत धरणं.

आता खरं लिहिते. तुमच्यावर राग आला होता. दवाखान्यात मी तुमचा मोजा पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा बघा, सासूबाईंनी पाठवलेला. नर्सताईंनी शिवण बोटाने चाचपली आणि विचारलं, पाय शेवटचे कधी तपासले. मी म्हटलं, रोज तपासते.

आई, मी चार संध्याकाळी तपासले नव्हते. जादा काम करून घरी यायची, ती झोपेला आलेली असायची, मी स्प्लिंट काढून पांघरूण घालायची. उद्या सकाळी बघू, असं. एका दिवसात शिवणीने लाल रेघ उठली असती. भोक पडायला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस माझे होते. तुम्ही वाचनालयापासून लंगडत आलात आणि मी गप्प राहिले, हे मला पेलेना. तुमच्या मुलाला परवा सांगितलं. त्यांनी तिच्या पायाखालची उशी नीट केली आणि म्हणाले, उद्यापासून एक दिवस तू, एक दिवस मी.

जादा काम मी सोडलं आहे, पण दिवसा घरी कुणीतरी हवं. शेजारची मुलगी दोन तास बसते, भिंगरी तिला पुरून उरते. तुम्ही याल का? प्रायश्चित्त घ्यायला येऊ नका, ते करायला इथे आधीच एक जण आहे. कामाला या. मशीन घेऊन आलात तरी चालेल, खिडकीजवळ जागा करते.

वाट बघते. रागही सोबत घेऊन या, दोघी मिळून संपवू.

तुमची,
सून

•

दि. २८ ऑगस्ट

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुमच्याकडून निघून माझ्या घरी सुखरूप पोचले. कुलूप उघडल्यावर घराने मला ओळखायला जरा वेळ घेतला. गणवेशांचं गिऱ्हाईक दारात चिठ्ठ्या टाकून गेलं आहे, एका चिठ्ठीत तर धमकीच आहे. आता दोन दिवस पायडल थांबणार नाही.

दाखल्यावर डॉक्टरांनी सही केली तेव्हा तू कामावर होतीस, म्हणून सांगायचं राहिलं. त्यांनी पाय उजेडात धरून पाहिला, नवी कातडी अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, छान. भिंगरीने त्यांना विचारलं की हे तुम्ही मनापासून म्हणताय की मुलांना म्हणतात तसं. त्यांनी सही जरा मोठी केली.

शाळा पाच दिवसांवर आली असताना मी निघाले, याचं तुला वाईट वाटलं हे मला दिसलं. तोंडावर बोलायला जमलं नाही म्हणून लिहिते. पंधरा दिवस त्या मोरीच्या दाराबाहेर मी स्टूल टाकून बसत होते. आतून नळीचा डबा पडल्याचा आवाज आला की माझा हात कडीकडे जायचा. तिला तीन मिनिटं लागतात, मी केलं तर एक. शेवटच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी बाहेर आहे हे कळलं की तिच्याने डबा उघडतच नाही. मी स्वयंपाकघरात असले की उघडतो.

ह्यांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्या हातातला चमचा काढून घेत असे. हात थरथरायचा, शर्टावर सांडायचं, धुवायला मलाच लागायचं. वीस मिनिटांचं जेवण मी सात मिनिटांत उरकत असे. ते काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं आता जेवताना वाटतं. समोरची खुर्ची मी हलवलेली नाही.

तेव्हा मी निघाले ते यासाठी. तिथे राहिले असते तर दोन तारखेला शाळेच्या फाटकापाशी स्टूल टाकलं असतं. तूही टाकू नकोस. टाकावंसं वाटेल.

शाळेचं सविस्तर कळव, चांगलंच कळवायला हवं असं नाही. तिला गोड पापा. माझ्यावर जीव आहेच, तो असाच जरा लांबून असू दे.

तुझी,
सासू

•

दि. ६ सप्टेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पहिले दोन दिवस बरे गेले. बाईंनी तिला खिडकीजवळचा बाक दिला. शेजारच्या मुलीने विचारलं, तू चालत का नाहीस, तर हिने सांगितलं, चालते, पण घरात, स्प्लिंट लावून, इथे मला खुर्चीतून लवकर पोचता येतं. मग डोक्यापासून पोटापर्यंत जाणाऱ्या नळीचंही सांगितलं, की डोक्यात जास्त झालेलं पाणी तिच्यातून खाली उतरतं. त्या मुलीने कानामागचा उंचवटा बघायला मागितला. आता अर्ध्या वर्गाने बघितला आहे. हिने रांग लावली होती.

तिसऱ्या दिवशी गडबड झाली. मधल्या सुट्टीत मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, हिच्याकडे दोरीचं एक टोक होतं. दोरी फिरवण्यात वेळ विसरली. नळीची वेळ टळली आणि कपडे ओले झाले. तिला तर कळलं नाही, दुसऱ्याच मुलीने दाखवलं. बाईंनी मला कामावर फोन केला. मी हातातली कवळी तशीच टाकून, एप्रनवर प्लास्टर घेऊन, धावत सुटले. वाटेत सगळं ठरवून टाकलं होतं, की तिला घरी न्यायचं, पुढच्या वर्षी बघू, हसले असतील तर एकेकीच्या आईला गाठायचं.

फाटकापाशी पोचले तर ती उतारावरून येत होती. पिशवीतली दुसरी चड्डी आणि झगा घातलेला. केस ओले होते, हात धुता धुता नळ जोरात सुटला म्हणे. मला बघून आनंद होईल असं वाटलं होतं. आई, तिने कपाळाला आठ्या घातल्या. विचारलं, तू का आलीस? मी म्हटलं, बाईंचा फोन आला. तर म्हणाली, ते झालं, मी केलं, ओले कपडे पिशवीत आहेत, संध्याकाळी तू धू. मग फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढून माझ्या एप्रनवरचं प्लास्टर झटकलं आणि म्हणाली, आता जा, गणिताची बाई रागावते.

आणि खुर्ची वळवून गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होते, म्हणून सांगते.

मी परत कामावर गेले. मालकांनी विचारलं, इतक्या लवकर कशा आलात, मुलगी बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, तिला वेळ नाही.

उत्तर सवडीने लिहा. आम्ही आहोत आणि आठवण काढतो, एवढं धरून चाला.

तुमची,
सून