बर्फातला चेहरा

प्रिय लापो,

तुझं पत्र लोकरवाल्यानं आणून दिलं. बोलोन्यात सगळं डुकराच्या चरबीत शिजवतात म्हणून कुरकुरतोस, म्हणजे प्रकृती ठीक असावी. इकडे ऑलिव्ह काढून झाले, तेल बेताचंच निघालं. आईला जिने चढवत नाहीत; तिची खाट मी खाली चुलीजवळ आणली आहे.

चर्चमधल्या भिंतीवर रंगवलेल्या नरकाबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या भावोजींना ते रंगवायचं काम मिळालं तेव्हा आमच्या दारात रीघ लागली होती. खाटीक म्हणाला, "मेओ, व्याजखाऊंच्या आगीत माझ्या सासऱ्याला बसव, हवं तेवढं मटण ने." दुसऱ्या दिवशी सासरा हजर! "जावयाला खादाडांच्या चिखलात लोळव, शोभून दिसेल." हे दोघांनाही हसून "बघू" म्हणाले. मग नगरसभेचा हुकूम आला. सगळ्यात खाली, गळ्यापर्यंत बर्फात गाडलेल्या फितुरांमध्ये तुझा चेहरा हवा, आणि हुबेहूब हवा. नाही म्हटलं असतं तर आम्हीही वेशीबाहेर गेलो असतो. फ्लोरेन्सच्या फौजेला वेशीचा दरवाजा तू उघडलास का, हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही. यांनी ओला गिलावा लावला आणि तो सुकायच्या आत तुला रंगवलं. घरी येऊन जेवले नाहीत. चेहरा मात्र उत्तम जमला होता, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट.

हुबेहूब कशासाठी, ते तू जाणतोस. आपले पहारेकरी दर सहा महिन्यांनी नव्या अधिकाऱ्याबरोबर परगावाहून येतात, इथल्या कुणाला ओळखत नाहीत. आल्या आल्या त्यांना भिंतीसमोर उभं करतात: हा दिसला की धरा. पुढे फाशीच.

आई रोज त्या भिंतीशी जाऊन बसायची. पाद्री म्हणाले, "बाई, संत समोरच्या भिंतीवर आहेत." ती म्हणाली, "संतांकडे बघायला अख्खं गाव आहे. माझा पोरगा इकडे आहे." मेणबत्ती लावायची ती चरबीची, अगदी तुझ्या हनुवटीखाली. शेजारीण ओरडायची, "अगं, मेणाची लाव की! केवढा हा धूर!" "विधवेला हीच परवडते," आईचं ठरलेलं उत्तर. मला लाज वाटायची. घरात मेणाच्या मेणबत्त्यांची पेटी भरलेली होती.

नोव्हेंबरात, मार्टिन संताच्या सणानंतर नवे पहारेकरी आले. त्यांना भिंतीपाशी नेलं, तर तुझ्या जागी नुसती काजळी. पुसायला गेले तर रंगच फिसकटला. यांना बोलावणं आलं. यांनी सांगितलं, गिलावा फोडून नव्यानं करावा लागेल, आणि गोठणाऱ्या थंडीत तो धरत नाही, वसंतात बघू. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "फार दिवस लागले गं." वैद्याच्या मते तिला वसंत दिसणार नाही. लोकरवाला नाताळाआधी माल घेऊन पुन्हा इकडे येतोय, त्याला एक हमाल हवा आहे. गावातले ओळखतील, आईसाठी ते डोळेझाक करतील असं मला वाटतं, खात्री देत नाही. टोपी भुवईवर ओढून घे. दरवाज्यावर आता तुला ओळखणारं कुणी नाही. ये.

तुझीच ताई,
नुता