माणूस आहे हो!

३ ऑगस्ट
लुसेना शहरात आलो एकदाचे! खोली तिसऱ्या मजल्यावर, वारा भन्नाट आणि भाडं नाही. बदल्यात इमारतीची विजेची कामं मी बघायची. नेनिता जाम खूश. सातवा महिना लागलाय बायकोला, तरी केळीच्या पानावरचं पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, चाटूनपुसून खाल्लं, माझ्या वाट्याचंसुद्धा! मालकीण आलिंग पासिंग तळमजल्यावर राहते. फाटकाची घंटी बंद आहे. येणारा रस्त्यावरून ओरडतो, ‘ताओ पो!’, माणूस आहे हो! मग कुणीतरी खाली जाऊन फाटक उघडतं. नेनिता म्हणाली, मेले तरी मी असं ओरडायची नाही, मी काय म्हैस दिसते का?

५ ऑगस्ट
जिने चढून उतरून नेनिताचे पाय सुजले. म्हटलं, घंटी दुरुस्त करून टाकू. पेटी उघडली तर ट्रान्सफॉर्मर मेलेला, आतली गुंडाळी जळून काळी. नवा बसवला. आता खाली दाबलं की वर खोलीत वाजतं, भिंतीवरचा फोन उचलून फाटकाशी बोलायचं, बटण दाबलं की फाटकाचं कुलूप उघडतं. आलिंग पासिंगला काही कौतुक नाही. म्हणे, बंद होती तेच बरं होतं. म्हातारीला नवीन काही नकोच!

८ ऑगस्ट
आता कुणी ओरडत नाही. घंटी दाबतात, आम्ही बटण दाबतो. आज दुपारी मात्र फोनवर कुणी बोलेना. नुसतं टिक टिक, कान किटतील इतकं मोठ्यानं. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या ढिल्या असणार. घट्ट आवळल्या.

११ ऑगस्ट
आवाज निम्म्यावर आला. जमलं गड्या! घंटी मात्र उगाच वाजते. खिडकीतून डोकावलं तर फाटकाशी कुणी नसतं.

१४ ऑगस्ट
टिकटिक आता कान देऊन ऐकावी लागते. ऐटीत जाऊन आलिंग पासिंगला सांगितलं. तिच्या हातातली पेज सांडली. म्हणाली, अरे दिवट्या, ती टिकटिक भुताची, ते लांब असतं तेव्हा मोठ्यानं वाजतं, जवळ आलं की बारीक होतं. पोटुशी बाई हुंगत येतं, पोटातल्या बाळासाठी. कुणाचाही आवाज काढतं, काहीही बोलतं, फक्त ‘माणूस आहे’ एवढं त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणून तर येणाऱ्याला आम्ही तेच ओरडायला लावतो. मी हसलो.

१५ ऑगस्ट
उठल्या उठल्या ट्रान्सफॉर्मर काढला. टेबलावर पडलाय, तारा सुट्या.
नेनिताला सांगितलं तर म्हणते, काल तू खाली म्हातारीकडे होतास तेव्हा घंटी वाजली. पाववाला असेल म्हणून मी बटण दाबलं. वर कुणीच आलं नाही, म्हणते.
आत्ता घंटी वाजली. तारा सुट्या असताना वाजली —
फोन कानाला लावला. टिकटिक नाही. अजिबात नाही.

१६ ऑगस्ट
दुपार. जिन्यापलीकडच्या बाथरूमला नेनिता एकटीच गेली. मला डुलकी लागली होती. जाग आली ती दाराशी काहीतरी खरवडल्यानं. घाबरून कडी घातली. नालायक मी, ती बाहेर आहे —
दाराला पाठ लावून लिहितोय.
नेनिताचाच आवाज. दार उघड म्हणते. म्हटलं, आधी माणूस आहे म्हण. हसली. म्हणाली, मी काय म्हैस दिसते का?
पुन्हा विनवलं. चिडली. आता रडतेय. कळा येतायत म्हणते, अंगावरून पाणी गेलं म्हणते — दाराखालून ओल आत येतेय —
नेनिता, एकदा म्हण गं. देवाशपथ, एकदाच —
नाही म्हणत. नुसती कण्हतेय. बाळ मरेल म्हणते. माझं बाळ —
कडी काढली.
आणि पलीकडून, बाथरूममधून, नेनिता ओरडतेय, माणूस आहे हो, अरे मी माणूस आ