बाबांनी दिलेला चिनीमातीचा पक्षी

दादा,

चिठ्ठी मुद्दाम तुझ्या बुटात ठेवलीय, बाबांच्या हाती लागू नये म्हणून. मी कामावर निघाले.

टेबलावरचा चिनीमातीचा पक्षी पाहिलास? काल बाबांनी मला दिला. "जगात असे मोजकेच आहेत पोरी, जपून ठेव." किंमत ऐकून मी ती पुन्हा दोनदा विचारली. जन्मभर कपडे शिवणारे आपले बाबा बटणांच्या पुडीसाठीही दुकानदाराला घाम फोडतात, आणि त्यांनी सोन्याच्या भावाने माती घ्यावी? तीही अशी, की ना उडायचं, ना गायचं, नुसतं एका जागी बसून राहायचं. तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आज ते अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. मी उचलला, तर हॅलो म्हणायच्या आत एका बाईचा मधाळ आवाज, "काका, गुडघा कसा आहे आज? मशीन चालवता येतंय ना? पक्ष्याचा जोडीदार दुपारी येतोय हं!"

तो जोडीदार दारातूनच परत पाठव. हे पक्षी बाबांच्या गळ्यात मारणारी ती बाई लबाड आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दादा, शिलाई मशीन कधीपासून गप्प आहे, आणि आपण समजलो, बाबांना कामाचा कंटाळा आला. गुडघ्याचं तिला ठाऊक, आपल्याला नाही.

त्यांच्यावर ओरडू नकोस. किमतीचा विषयही काढू नकोस. चहा कर, शेजारी बस, आणि तिचा फोन यायच्या आत तू विचार, "बाबा, गुडघा कसा आहे?"