मीटर खोटं बोलत नाही

२ मार्च
आजपासून शेतीत शिस्त. खताच्या नळीवर फ्लो मीटर बसवला. पॉलीहाऊसमधल्या ढोबळी मिरचीला रोज किती खत जातं, ते आता लिटरमध्ये कळणार. इतकी वर्षं धाकटा भाऊ टाकीत खत कालवतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि पानांचा रंग बघून बंद करतो. ह्याला शेती म्हणत नाहीत, अंदाजपंचे म्हणतात.
प्लंबर बोलावला नाही. स्वतः बसवला. जोडावर पांढऱ्या टेपचे बावीस वेढे दिले. धाकटा म्हणाला, दादा, दहा पुरेत, जास्तीची टेप आत जाते. त्याला म्हटलं, तू तुझी मिरची बघ. घट्ट करताना पाना सटकला, बोटाचं साल निघालं. त्याच पान्याने पंपाला दोन ठेवून दिल्या. तेव्हापासून पंप नीट चालतोय.

५ मार्च, सकाळी ७
दोनशे लिटरची टाकी रिकामी. मीटरवर अडतीस.

७.२०
परत पाहिलं. अडतीसच.

७.३०
बादलीला लाथ मारली. बादली लोखंडी निघाली. अंगठा काळानिळा.

६ मार्च
आज डोकं शांत ठेवून विचार करायचा ठरवलं. केला. मीटर खोटं बोलत नाही. त्याला बायको-पोरं नाहीत, तो कुणाचा मिंधा नाही. म्हणजे एकशे बासष्ट लिटर चोरीला गेलं. किल्ली दोघांकडे. मी चोर नाही. उरलं कोण?
पुरावा: धाकटा रोज बांधावरच्या शेजाऱ्याकडे चहाला जातो. शेजाऱ्याची मिरची आमच्यापेक्षा हिरवी.
बायको म्हणाली, आधी नीट विचारा तरी. मी टेबलावर मूठ आपटली. कप फुटला. तिच्या माहेरचा होता.

८ मार्च
चोरनळी शोधायला कुदळ घेऊन बांधावर गेलो. सापडली. घाव घातला. ती शेजाऱ्याच्या पाण्याची होती. कारंजं थेट तोंडावर. शेजाऱ्याने गचांडी धरली, त्याच्या कुत्र्याने पोटरी. दोघांनाही चार शब्द सुनावले.

९ मार्च, सकाळी
संकल्प: धाकट्याशी शांतपणे बोलायचं. हात मागे ठेवून.

संध्याकाळी ५
पंपाच्या खोलीत बोललो. हात मागेच होते, पण हातात पाना होता. विचारलं, खत कुणाला देतोस? तो हसला. पकडलेला चोर हसतोच. म्हणाला, दादा, मीटर उघडून बघू, आत काहीतरी अडकलंय. म्हणजे पुरावा नष्ट करायचा डाव! तो मीटरकडे वळला आणि पाना चालला. मी चालवला असं म्हणता येणार नाही.
त्याच्या कपाळातून रक्ताची धार. मग त्याने माझं डोकं टाकीवर आपटलं. तीनदा. बहुतेक चारदा. पुढचा एक दात गेला.
ह्याला पोहायला मी शिकवलं. पाण्यात माझ्या गळ्याला मिठी मारून बसायचा. मारामारीत ते आठवलं. तरी मी थांबलो नाही.

१० मार्च
त्याला सात टाके. मला एकही नाही, म्हणजे कोण जिंकलं ते उघड आहे. दात मोजायचा नाही. धाकटा बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीला गेला. चोर मान खाली घालून जातात म्हणे. त्याची वर होती. त्याची मुलगी मला बघून त्याच्यामागे लपली. एरवी माझ्या खांद्यावरून उतरत नाही.

१२ मार्च
एकटा समर्थ आहे. मीटरवर दोनशे दिसेपर्यंत खत सोडलं. पाच टाक्या रिकाम्या झाल्या. टाकीचं मापच खोटं असणार. टाकीवाल्याला कडक पत्र लिहायचं.

१४ मार्च
पानांच्या कडा तपकिरी. ऊन फार आहे.

१६ मार्च
सगळी मिरची करपली. रोपं उपटून आपटली. पॉलीहाऊसचा कागद टराटरा फाडला. बायको दारातून बघत होती. म्हणाली, आता कुणाला मारणार?

१८ मार्च, दुपारी
प्लंबर बोलावला. त्याने मीटर उघडला. आतल्या चक्रीला पांढरी टेप गुंडाळलेली, चांगली हातभर. कुणी बसवला, म्हणाला. म्हटलं, धाकट्याने. तो म्हणाला, शक्य नाही, त्याचं काम मला माहीत आहे.
टेप काढून पुन्हा जोडला. टाकीतून दोनशे लिटर पाणी सोडलं. मीटरवर दोनशे.
फाटक्या पॉलीहाऊसमध्ये जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. खताच्या वासाने असेल.

१९ मार्च
संकल्प: फोन करून माफी मागायची. चार वाक्यं लिहून पाठ केली.

सकाळी ११
फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, बोल दादा. माझ्या तोंडून निघालं, अरे, पाना कुठे ठेवलायस, सापडत नाही.
तो म्हणाला, शेवटचा तुझ्याच हातात होता.