शीलाची जोडीदार

१७ जुलै १९६७, सोमवार

"दुसऱ्याच्या लेकरायले तू कामाले लावशील, मंग त्यायचं बरं-वाईट कोनं पाहाचं?" हट्ट्याच्या बसथांब्यावर मायनं असं विचारलं, तेवढ्यात बस आली. बस हलल्यावर मी नुसता हात हलवला.

पण दिवस फार छान गेला! बालाघाटचं कॉलेज मोठं आहे आणि ग्रंथालयाला पूर्वेकडून उजेड येतो. साडेसहा हजार पुस्तकं, आणि ती सांभाळायला मी. आमच्या घरातली पहिली पदवीधर. दारावर महागू नावाचे वयस्कर शिपाई आहेत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि म्हणाले, "बाई, उंदरायले इंग्रजी लई आवडते, मराठीले हात नाही लावत." मी इतकी हसले की ते लाजले.

प्राचार्यांनी विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यायची परवानगी दिली आहे. दुपारी दोन ते पाच. बदल्यात त्यांची फी माफ. गरिबाच्या मुलाला पुस्तकांमध्ये बसून शिकता यावं, यापेक्षा चांगलं काय असेल?

२२ जुलै, शनिवार

आठ जण निवडले. झाडणं-लावणं, फाटक्या पुस्तकांना खळ लावून चिकटवणं, पुस्तकांच्या यादीची कार्डं लिहिणं, देवघेव, अशी चार कामं. प्रत्येक कामाला दोघं जोडीदार. आठवड्याचा कामाचा कागद मी दर शनिवारी स्वतः लिहून दारात लावणार. नियमही माझाच: एक आला नाही तर जोडीदारानं दोघांचं काम करायचं, आणि कागदावर नाव आहे तोवर ती जागा त्याचीच. कुणालाही असं वाटू नये की आपल्यावाचून अडत नाही.

देवघेवीला प्रेमलाल आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा आणि जिभेचा तिखट. रांगेकडे बघून म्हणतो, "दीदी, हे वाचाले नाही येत, पंख्याखाली बसाले येतात."

कार्डांना लामत्याची शीला आणि वारासिवनीची अनुसया. शीलाचं अक्षर मोत्यासारखं. लिहायची रीत मात्र उलटी. कार्डावर आधी पूर्ण शिरोरेघ ओढते आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगते. मी काहून असं विचारलं, तर म्हणाली, "पहिले दोरी बांधाची, दीदी, मंग कपडे वाळू घालाचे."

५ ऑगस्ट, शनिवार

विद्यापीठाची तपासणी एकवीस तारखेला. तोवर लेखकांच्या नावांची सगळी कार्डं कपाटाच्या खणांत लागली पाहिजेत. शीला 'म'च्या खणापर्यंत पोचली आहे. अनुसया तिच्या मागे मागे, अजून हात बसलेला नाही. एकही दिवस चुकवत नाही म्हणून मी सगळ्यांसमोर शीलाचं कौतुक केलं. ती खाली बघून हसत होती.

११ ऑगस्ट, शुक्रवार

शीला शाल पांघरून आली होती. प्रेमलालनं चिडवलं, "काय महारानी, हिवाळा लवकर आला काय?" ती म्हणाली, थोडी कणकण आहे. मी कपाळाला हात लावून बघितला नाही. मला दहा दिवस दिसत होते. मी म्हणाले, एवढा खण पुरा कर, मग घरी जा. ती हौ म्हणाली. पाचला निघाली तेव्हा खण अर्धाच झाला होता.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

शीला काल लामत्याला गेली. म्हणजे वारली. ताप मेंदूत चढला होता.

तिचे वडील, मोतीलाल, आज पहिल्या गाडीनं आले. ग्रंथालयाचा टाक परत द्यायला. धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. मी बसा म्हटलं तर खुर्चीत नाही, जमिनीवर बसले. म्हणाले, "पोरगी तापात एकच बडबडे, बाबा, खण अर्धा राह्यला. मी म्हनलं, कोनता खण वो बाई, आपल्या घरी तं खणच नाही." मग मला विचारलं, तिचं काम काही बाकी राहिलं का, दोष तर नाही ना लागणार.

मी म्हणाले, काही बाकी नाही. मोठ्यानं रडायचाही हक्क मला नव्हता.

१९ ऑगस्ट, शनिवार

कामाचा कागद लिहायला बसले. कार्डं – शीला, अनुसया. हातानं आपोआप लिहिलं. खोडायला टाक उचलला आणि ठेवून दिला. एक आठवडा राहू दे. दुसऱ्या कुणाचं नाव तिथं लिहिणं मला जमलं नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

तपासणी झाली. साहेबांनी 'म'चा खण उपसून बघितला आणि वाहवा म्हणाले. खण पूर्ण होता.

शनिवारी तो अर्धा होता. मी स्वतः बघितला होता. काल रविवार, कुलूप होतं. हजेरीच्या वहीत आजच्या तारखेला शीलाची सही आहे.

२२ ऑगस्ट, मंगळवार

प्रेमलालला बाजूला घेऊन रागावले. त्याचे डोळे भरले. "मेलेल्या पोरीच्या नावानं मस्करी करीन काय मी, दीदी?" म्हणाला आणि निघून गेला. मी त्याची माफी मागितली पाहिजे.

अनुसयाला विचारलं. ती म्हणाली, चारच्या सुमाराला समोरची खुर्ची जड होते. दुसरं काही नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

मी चार वाजता त्या टेबलाजवळ उभी राहिले. खिडकीतून उजेड येत होता, पोरं वाचत होती. कोऱ्या कार्डावर एक ओली निळी रेघ होती, टोकापासून टोकापर्यंत. मी बघत होते आणि तिच्याखाली अक्षरं येत गेली.

भीती वाटायला हवी होती. मी पुटपुटले, शीला, मला माफ कर. अक्षरं थांबली. मग पुन्हा चालू झाली.

कागदावर तिचं नाव पुन्हा लिहिलं. ती तिथं असेल तर मी पूर्ण दोषी नाही, असं काहीतरी माझ्या मनात आहे. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

४ सप्टेंबर, सोमवार

अनुसयाचं अक्षर सुधारलं. इतकं की दोघींची कार्डं मला वेगळी करता येत नाहीत. आज तिला लिहिताना बघितलं. आधी रेघ. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, शीलादीदीनं, आणखी कोण? साधं बोलावं तसं.

तिचा हात हातात घेतला. दुपारच्या उन्हात गार.

९ सप्टेंबर, शनिवार

अनुसयाला रोज चारला थंडी वाजते, पाचला उतरते. डॉक्टरांनी रक्त तपासलं. काही सापडलं नाही.

महागू आज दार ओढून आत आले. म्हणाले, "बाई, मले लिवता नाही येत, पन येवढं समजते. ज्याचं नाव दारावर, त्याले याच लागते. काहून अडवून ठेवली पोरीले? जाऊ द्या तिले."

मी शीलाचं नाव खोडलं. दोनदा रेघ मारली. घरी येऊन जेवले नाही. मरण एकदा आलं होतं तिला, ते आज मी पुन्हा दिलं.

११ सप्टेंबर, सोमवार

सही आहेच. आज सहीखाली शाई पसरलेली, कुणी घाईनं केल्यासारखी. किंवा रडत.

अनुसया साडेतीनलाच थरथरायला लागली. उठ म्हटलं तर उठेना. म्हणते, जोडीदार नाही, दोघींचं मलाच करायचं आहे. माझाच नियम मला सांगते आहे. टाक तिच्या हातातून काढताना बोटं उघडत नव्हती –

१३ सप्टेंबर, बुधवार

अनुसया इस्पितळात. तापात बडबडते. खण अर्धा राहिला. तिची आई, गोदाबाई, माझ्या पाया पडायला आली. म्हणे तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा पोरीले काय झालं.

मला माहीत आहे काय झालं. सांगता –

नाव नुसतं खोडून चालत नाही. जागा भरावी लागते. शीला वाईट नाही. ती एकटी पडली आहे, एवढंच. मी म्हटलं होतं पुरा कर, मग घरी जा. पण पुस्तकं रोज नवी येतात. खण कधीच –

१४ सप्टेंबर, गुरुवार

दुपार. अनुसयाचा ताप एकशे पाच.

कागद काढला. पुन्हा लावला. महागू बघत होते –

१५ सप्टेंबर, शुक्रवार

निरोप आला. सकाळी अनुसयाला घाम फुटला, ताप उतरला. पेज मागून प्याली. इस्पितळात गेले तर गोदाबाईनं दारातच मला मिठी मारली. मी किती गार आहे, म्हणाली.

आता चार वाजलेत. समोरची खुर्ची –

ती आली. शाल आहे. माझ्याकडे बघून हसली, रागावलेली नाही. ते बघून मला रडू –

हात नीट चालत नाही. लिहून ठेवते, अनुसयाला कुणी परत इथं बसवू नये म्हणून. महागूंनी काल विचारलं होतं, बाई, कागदावर काय लिवलं? मी वाचून दाखवलं. ते कागद काढायला धावले. पण मी शाई वाळेपर्यंत थांबले होते, आणि चारही टोकांना टाचण्या लावल्या होत्या. अनुसयाचं नाव खोडलं. शीलाचं पुन्हा लिहिलं. आणि तिच्या शेजारी, जोडीदार म्हणून, माझं