कृपया करून

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा जिथल्या तिथे आहे. नळाला पाणी येतं. वरच्या मजल्यावरच्यांनी फरशी उखडायला काढली आहे, त्यामुळे दिवसभर डोक्यावर ठोकाठोक. सूनबाईला माझी आठवण सांग, तिला ती येत नसली तरी. झालं क्षेमकुशल.

परवाच्या रविवारी तुला माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरता आलं नाही. तीनदा फोन केलास. “आई, तो प्रोग्राम चालू कर ना,” म्हणालास, आणि मी म्हटलं, “काय बिघडलंय, कळत नाही बाई.” काही बिघडलेलं नाही. मीच तो काढून टाकलाय. का, ते लिहून कळवते. फोनवर तू “हो आई, हो आई” करतोस आणि माझं वाक्य मोडतं.

तुझी हत्यारं चांगली होती, हे कबूल. लिहायचा प्रोग्राम दिलास तो विकतच्याच्या तोंडात मारेल असा. जाहिराती अडवणारा दिलास, त्यामुळे बातम्या बघताना सांधेदुखीच्या तेलाच्या बाया अंगावर येत नाहीत. सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा दिलास. आणि दर वेळी तेच पालुपद: “आई, हे फुकट आहे ते सोड, हे मुक्त आहे. यात लपवाछपवी नसते. कोणीही उघडून आत बघावं.” इतक्या वेळा म्हणालास की मला वाटलं, म्हणणाराही तसाच असेल.

मग तो लांबून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम. रविवारी सकाळी तू तिकडे कॉफी पीत बसायचास आणि इकडे माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेजारणीला मी कौतुकाने सांगायचे, “मुलगा दर रविवारी येतो.” काय येतो! बाण येतो. चहासुद्धा घेत नाही.

त्या बाणाबद्दल एक सांगायचं राहिलंय. सांगते, पण आधी डॉक्टरचं.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे गोड बोलणारा पोपट. “आता थोडं सांभाळून हं, आजी.” थोडं म्हणजे किती, ते सांगेल तर शपथ. त्याच्या बाहेरच्या बाकावर मला टेलिफोनबाई भेटली. ती इस्पितळात फोन जोडून देते, जन्मापासून आंधळी आहे, आणि जीभ माझ्याहून तिखट. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, “घरी कॉम्प्युटर आहे ना? मग पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम टाका. एक पैसा लागत नाही. दोघा आंधळ्यांनीच आपल्या सोयीसाठी सुरू केला, आता जगभर चालतो.”

मी म्हटलं, “माझा मुलगा कॉम्प्युटरमधलाच आहे.”

“मग त्याने अजून टाकून दिला नाही?”

“त्याला माहीत नाही.”

“प्रोग्राम?”

“नाही. माझं.”

तर बाळू, ते असं आहे. मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. दाराची चौकट दिसते, चौकटीत उभा माणूस दिसत नाही. पान समोर धरलं तर समास दिसतो आणि मजकूर गायब. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचणाऱ्या बाईकडे समास तेवढा ठेवला! हा विनोद ज्याने कोणी केला, तो हलकट आहे. तुझा बाण मला उन्हाळ्यापासून दिसलेला नाही. तू विचारायचास, “दिसतंय ना?” मी म्हणायचे, “स्वच्छ.” तू सगळं टाकून धावत येशील, अशी मला भीती होती. किती भाबडी मी.

टेलिफोनबाईने घरी येऊन तो प्रोग्राम टाकला आणि माझ्याकडून घोटून घेतला. चुकले की बोटावर टिचकी मारायची. त्याचा आवाज म्हणशील, तर डब्यात खडे घालून हलवावेत तसा. जोडाक्षर आलं की अडखळतो. पण एक गुण आहे, तो मधलं गाळत नाही आणि कुणाची भीड ठेवत नाही. तुझं “काळजी घे, सध्या फार काम आहे” त्याने विजेचं बिल वाचल्यासारखं वाचलं. तेव्हा कळलं, ते तसंच लिहिलेलं होतं. इतके दिवस माया मीच घालून वाचत होते.

आता त्याच्या आधल्या रविवारचं. फोन स्पीकरवर टेबलावर, माझ्या दोन्ही कानांत हेडफोन. त्या आवाजाचं तुला सांगितलं नव्हतं, कारण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

“आई, स्क्रीन दिसतेय ना?”

“दिसतेय की.”

“नक्की? आता काय उघडं आहे, सांग बरं.”

“ते आपलं नेहमीचंच,” मी म्हटलं.

  तू टाइप करायला लागलास.

कानात डबा बोलू लागला, एकेक शब्द सुटा करून. माननीय. महोदय. मी. आता. एकटी. राहू. शकत. नाही. माझ्या मेलमधून, माझ्या नावाने, घरांच्या दलालाला! घर विकायचे आहे. सर्व बोलणे मुलाशी करावे. मला फोन करू नये, मला ऐकण्याचा त्रास आहे. कृपया करून लवकर गिऱ्हाईक पाहावे.

ऐकण्याचा त्रास! अरे, आईचं इंद्रिय तरी नीट निवडायचंस.

आणि ‘कृपया करून’? एक तर ‘कृपया’ लिही, नाहीतर ‘कृपा करून’ लिही. लहानपणी समोर बसवून शिकवलं होतं. घर विकायला काढलंस ते काढलंस, वर माझ्या सहीच्या डोक्यावर ‘कृपया करून’ बसवलंस! मेल गेल्यावर ती पुसलीस, मग कचरापेटीतूनही पुसलीस. तेही डब्याने दोन्ही वेळा सांगितलं.

“झालं, आई. आता छान चालेल,” म्हणालास. मी म्हटलं, “शहाणं माझं बाळ.” 

गुरुवारी दलाल एका नवराबायकोला घेऊन दारात हजर. त्या बाईने आल्या आल्या खिडकीला मापायची टेप लावली. दलाल माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “काकू! घर! बघायला! आलोय!”

“ओरडू नका,” मी म्हटलं. “मला मुंगीचं चालणं ऐकू येतं. घर विकायचं नाही.”

“अहो, पण तुमचीच मेल आहे...”

“माझी नाही.”

“तुमच्याच पत्त्यावरून आलीय, काकू.”

“पत्ता माझा. लिहिणारा मुलगा.”

 दलालाच्या धंद्यात असले बाळू रोज भेटत असतील. बाईला त्याने टेप गुंडाळायला लावली, दोघांना जिन्यात पाठवलं, आणि मागे राहून हळूच म्हणाला, “काकू, पासवर्ड बदला.”

एका दलालाने मला माझ्या मुलापासून जपून राहायला सांगितलं, आणि मी त्याचे आभार मानले. मेल मी विसरेन कदाचित. हे विसरायला वेळ लागेल.

संध्याकाळी टेलिफोनबाईने फोनवरून एकेक कळ सांगितली आणि मी तुझा प्रोग्राम मुळासकट उपटला. पासवर्डही बदलला. बाकीची हत्यारं ठेवली आहेत. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

तू तोंडावर म्हणाला असतास, “आई, तू आंधळी होत चाललीस, घर विकू,” तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, चार दिवस बोलले नसते. कोण जाणे, पाचव्या दिवशी ऐकलंही असतं. पण तू आधी माझी परीक्षा घेतलीस. मला दिसत नाही याची खात्री करून घेतलीस. आणि खात्री पटल्यावर “आई, कधीपासून?” एवढं विचारायचं सोडून पत्र लिहायला घेतलंस. चोरसुद्धा दिवा विझलेला बघून शिरतो, पण तो परका असतो रे.

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय आणि कानाने तपासलंय. चूक सापडली तर कळव. सापडणार नाही.

उत्तर लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिही. यायचं असेल तर सबंध ये, हातपाय घेऊन, आणि राहायच्या तयारीने. घराचं बोलू, डोळ्यांचं बोलू, तुझ्या लाजेचंही बोलू, असली तर. मात्र एक पक्कं धरून चाल. हे घर माझं आहे आणि तूही माझाच आहेस, आणि दोहोंपैकी एकही मी विकायला काढलेलं नाही.

तुझी,
आई