आईकडची फेरी, महिन्यातून एकदा

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या एकुलत्या एका मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी गणना खर्चात झाली आणि त्याच बैठकीत मला कापण्यात आले. वेळ अचूक आहे. मी दारात उभी होते आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. ते मीच त्यांना दिलेले आहे आणि ते चार मिनिटे पुढे असते. ती चार मिनिटे मी वजा केली आहेत.

म्हणून मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, रुग्णालयाच्या भांडारातून भांडारपाल म्हणून निवृत्त, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (मला दडपणारा माणूस अजून जन्मायचा आहे), माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे करून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते दीड पानाचे होते आणि त्यात मी सगळ्यांशी फार गोड वागले होते.

आमचे वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कुणाला काय द्यायचं ते लिहितात. का रागावलात ते लिहीत नाहीत."

मी म्हटले, "कारण लिहून घेतल्याशिवाय मी भांडारातून कापसाचं एक बंडलसुद्धा कुणाला दिलं नाही. घर कसं देऊ?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कलम १. कारण.

मुलीच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. तेव्हापासून दर जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिच्या घरखर्चाचे वर्षभराचे अंदाजपत्रक मी मांडून देते. पद्धत साधी आहे. सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरची बारा पाने जपून ठेवायची, त्यांची मागची बाजू कोरी असते. एका महिन्याला एक पान. मधोमध लाल पेन्सिलीने रेघ. डावीकडे जे टळत नाही ते, उजवीकडे जे टाळता येते ते. ज्या खर्चाने पोट भरत नाही, अंग झाकत नाही आणि दुखणे थांबत नाही, तो आधी उजवीकडे टाकायचा. हे मला कॉन्व्हेंटमध्ये मदरने शिकवले आणि मी मुलीला.

या वर्षी मुलीचा फोन आला नाही. नोव्हेंबरात जावयाच्या कारखान्यातली रात्रपाळी बंद झाली आणि त्यांची मिळकत एक तृतीयांशाने उतरली. म्हणजे ज्या वर्षी माझी खरी गरज होती, तेच हे वर्ष. आणि ही बातमी मला कोणाकडून कळली? माझ्या धाकट्या बहिणीकडून. ती मुलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहते.

"ताई, तुला माहीत नव्हतं?" ती फोनवर म्हणाली. "मला वाटलं, तुलाच आधी सांगितलं असेल."

तिला असे वाटले नव्हते. मुळीच वाटले नव्हते. पन्नास वर्षे मी तो आवाज ओळखते.

तर मी कॅलेंडरची पाने गुंडाळून, दोन बस बदलून गेले. दार उघडेच होते. टेबलाशी दोन डोकी एकमेकांना टेकलेली, मध्ये रंगीत पेन्सिलींचा डबा, आणि माझी मुलगी हसत होती. चौदा वर्षांत माझ्या अंदाजपत्रकाला ती एकदाही हसलेली नाही. हसण्यासारखे त्यात काही नसतेच. आणि वर्षाचे नियोजन करत होती कोण? जिच्या हातात महिन्याच्या वीस तारखेनंतर कधी काही उरले नाही ती धाकटी. जिने एकदा सवलतीत मिळतो म्हणून पोपटाचा पिंजरा आणला, पोपट नसताना.

मी उभ्या उभ्या कागद वाचला. अक्षर धाकटीचे, गोल, कॉन्व्हेंटचे. दूध एक लिटरऐवजी पाऊण. वर्तमानपत्र शेजारच्यांबरोबर अर्धेअर्धे. जावयांचे केस घरी कापणे. इथवर ठीक होते, मीही हेच कापले असते. चौथी ओळ अशी होती: "आईकडची फेरी, दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा. दोघींचे बसभाडे, शिवाय फळे." दोघी म्हणजे मुलगी आणि माझी नात. तिच्याखाली पाचवी ओळ होती: "मावशी. पायी. खर्च नाही."

"आई, तू?" मुलगी म्हणाली. "अगं, कळवून यायचंस ना."

"कळवायला फोन लागतो. फोनला पैसे पडतात."

तिने कागद पालथा केला. तेहतीस वर्षे टेबलापलीकडच्या माणसाच्या हातातल्या पावत्या उलट्या वाचलेल्या बाईपासून कागद असा लपत नसतो.

"ताई, बस तरी. चहा टाकते," धाकटी म्हणाली. दुसऱ्याच्या घरात चहा टाकायची तिला पहिल्यापासून हौस.

"चहा कुठल्या बाजूला धरलाय? डाव्या की उजव्या?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "आई, हे सगळं तूच शिकवलंयस. ज्यानं पोट भरत नाही, अंग झाकत नाही..." तिसरे तिने म्हटले नाही.

"दुखणं थांबत नाही," मी म्हटले, कॅलेंडरची पाने टेबलावर ठेवली आणि निघाले. मागून धाकटीने दोनदा "ताई" अशी हाक मारली. मुलीने एकदा "आई" म्हटले. मी मोजले आहे.

कलम २. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असलेले माझे राहते घर, नवऱ्याच्या आणि माझ्या पगारातून सतरा वर्षांत फेडलेले. (नवरा मला अर्थमंत्रीणबाई म्हणायचा. गेला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात सिनेमाची दोन जुनी तिकिटे मिळाली. एक माझे होते. बघायला मी गेले नव्हते, कारण महिना संपत आला होता.) हे घर मी आधी वाचनालयाला लिहिले. मग रुग्णालयाला लिहिले. तिसऱ्यांदा असे लिहिले की मागच्या खोलीत धाकटीने तहहयात फुकट राहावे, म्हणजे ती माझ्या मुलीपासून दोन बस लांब जाईल आणि कसे वाटते ते तिला कळेल.

वकिलांनी चष्मा काढला. "बाई, हे बक्षीस आहे की शिक्षा?"

"तेच ठरत नाहीये," मी म्हटले. तिन्ही खोडले आहेत. घर मुलीचे, विनाअट. मोरीतल्या नळाचा वायसर मी दरवर्षी स्वतः बदलते. त्यासाठी प्लंबर बोलावू नये, पाना पडवीतल्या खिळ्याला आहे.

कलम ३. शिल्लक.

बँकेतली मुदतठेव नातीला, ती एकवीस वर्षांची झाल्यावर. याशिवाय बिस्किटांचा एक डबा आहे. ११ जानेवारीनंतर ज्या ज्या रविवारी त्या दोघी आल्या नाहीत, त्या रविवारचे त्यांचे जाण्यायेण्याचे भाडे मी त्यात टाकते. आजवर तीन रविवार झाले आहेत. कोणी म्हणेल, भाडेच मुलीच्या हातात द्यायचे होते. त्या दिवशी दारातून वळताना मी त्यासाठी तोंड उघडले होते. पण पैसे मोजून लेकीला बोलावणारी आई मला व्हायचे नाही. मी गेल्यावर डब्यातले पैसे त्या दोघींनी हव्या त्या ठिकाणी जाण्यासाठी वापरावेत. मावशीकडे चालत जाता येते, तिथे ते लागणार नाहीत.

कलम ४. हत्यारे.

लाल पेन्सिली, लाकडी पट्टी आणि साबणाच्या चिपा दाबून नवी वडी करायचा पत्र्याचा साचा मुलीला. हसू आले तरी फेकू नये. आमच्या आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन धाकटीला. आई गेली तेव्हापासून तिचा त्यावर डोळा आहे, आणि खरे सांगायचे तर त्यावर ती माझ्यापेक्षा चांगले शिवते. मात्र एक अट आहे. कलम १ मधली चौथी ओळ तिने स्वतःच्या डोक्याने सुचवली असेल, तर मशीन तिला मिळणार नाही. ते कोपऱ्यावरच्या शिंप्याला जाईल, तो निदान तेल तरी घालेल.

कलम ५. कात्री.

शाळेच्या शेवटच्या वर्षी मदरने आम्हां दोघी बहिणींना, बाकी मुलींबरोबर, एका कल्पित कुटुंबाचा महिन्याचा खर्च मांडायला दिला. धाकटी वर्षाने लहान, पण एकाच वर्गात होतो. माझे सगळे बरोबर आले आणि पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक राहिला. धाकटीची शिल्लक शून्य. तिने "टेबलावर फुले" असा खर्च धरला होता. बक्षीस तिला मिळाले. चामड्याच्या पाकिटातली शिवणाची कात्री, मुठीवर बारीक वेलबुट्टी.

मी विचारायला गेले. मदर म्हणाली, "तुझ्या घरात सगळं शिल्लक राहील, मुली." ही मी इतकी वर्षे शाबासकी समजत होते. ११ जानेवारीला परतीच्या दुसऱ्या बसमध्ये, मांडीवर रिकामे हात ठेवून बसल्यावर, ती शाबासकी नव्हती हे ध्यानात आले.

ती कात्री त्याच उन्हाळ्यात हरवली. धाकटी दोन दिवस रडली. खाटेखाली, ट्रंकेत, विहिरीच्या कठड्यापाशी, मी तिच्याबरोबर सगळीकडे शोधली. कात्री माझ्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, राखाडी शालीच्या घडीत आहे. एकावन्न वर्षे तिथेच किंवा तशाच ठिकाणी आहे. ती धाकटीची आहे आणि तिला विनाअट परत द्यावी. माफी मी मागत नाही. चामडे तडकू नये म्हणून दरवर्षी त्याला तेल लावत आले आहे, एवढे नमूद करते.

कलम ६. माझ्या मागचा खर्च.

त्याचे पान मी मांडून ठेवले आहे, ते पेन्सिलींच्या खोक्यात मिळेल. फुले उजव्या बाजूला आहेत. धाकटी ऐकणार नाही. तिने ती स्वतःच्या पैशाने आणावीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या वकिलांनी करावी. शिंप्याला साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळण्याचा संभव आहे त्याची साक्ष चालत नाही असे कळल्यावर तो उत्साहाने मागे सरला. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे निवृत्त औषधविक्रेते (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या गणिताच्या बाई (सही, बेरजा तपासल्या, बरोबर आहेत)
मृत्युपत्र करून ठेवणारी: (सही)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा

धाकटे,

हे सहीच्या खाली लिहिते आहे आणि फक्त तुझ्या प्रतीवर. सहीनंतरचा मजकूर कायदा धरत नाही असे वकील म्हणाले, म्हणूनच इथे लिहिते.

अक्षर तुझे होते ते मी पाहिले. ओळ कोणाची होती? तू सुचवलीस, की माझ्या लेकीने सांगितली आणि तू नुसती लिहून घेतलीस? मला लेखी उत्तर हवे. शाईने, एका वाक्यात. फोनवर नको, फोनवर तुझा तो आवाज येतो.

तू सुचवली असशील तर तसे लिही. मशीन शिंप्याकडे जाईल, मी तुझ्याशी भांडेन, आणि ते आपल्याला चांगले जमते. तिने सांगितली असेल, तरीही तू सुचवलीस असेच लिही. मशीन हातचे जाईल, त्याला इलाज नाही. जन्मभर स्वतःच्या सोयीचे खोटे बोलत आलीस, एकदा माझ्या सोयीचे बोल. मी उलटून विचारणार नाही.

उत्तर शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. दोन बस लागतात. भाडे तुझे तू दे.